आधी रेषा, मग रंग

जून उजाडला की महाराष्ट्राचा एक नकाशा घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागतो. जिल्हे रंगवलेले असतात. कुठे हिरवा, कुठे पिवळा, कोकणावर नारिंगी, एखाद्या दिवशी लाल. आपला जिल्हा शोधायचा, रंग पाहायचा आणि नकाशा पुढच्या गटात ढकलायचा, एवढ्यावर बहुतेकांचे वाचन संपते. भारतीय हवामान विभाग त्याच दिवशी आणखी एक नकाशा काढतो. त्यात वळणावळणाच्या रेषा असतात, इंग्रजी ‘एल’ आणि ‘एच’ ही अक्षरे असतात, छोटी वर्तुळे असतात आणि त्यांना फुटलेल्या काड्या. हा नकाशा फारसा कुणी उघडत नाही. रंगीत नकाशात निष्कर्ष असतो, तर रेषांच्या नकाशात त्यामागचे कारण. ज्याला उद्या फवारणी करायची आहे, होडी समुद्रात लोटायची आहे किंवा पोरांना घेऊन घाट उतरायचा आहे, त्याने हे कारण वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. त्याला ना पदवी लागते ना गणित. पावसाळ्यातले चार-सहा दिवस नकाशा रोज पाहिला की नजर बसते.

नकाशा उघडल्यावर सगळ्यात आधी कोपऱ्यातली वेळ पाहावी. तिथे ‘०३०० यूटीसी’ असे काहीतरी लिहिलेले असते. जगभरच्या वेधशाळा एकाच सामायिक घड्याळावर नोंदी घेतात आणि ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे ०३०० यूटीसी ही आपली सकाळची साडेआठची वेळ आणि १२०० यूटीसी ही संध्याकाळची साडेपाचची. दर तीन तासांनी नोंदी होतात, पण आपल्याकडे सकाळी साडेआठचा नकाशा मुख्य. पावसाचा हिशेबही याच वेळेला बांधलेला आहे. समजा, २० जुलैच्या नोंदीत महाबळेश्वरला १८० मिलिमीटर पाऊस दिसला, तर तो १९ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २० जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंत पडलेला असतो. म्हणजे त्यातला बराचसा आदल्या दिवसाचाच. जिल्हावार इशाऱ्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच उलटतो. ‘आजचा’ इशारा उद्या पहाटेलाही लागू असतो. हे ठाऊक नसल्याने ‘इशारा होता आणि दिवस कोरडा गेला’ अशी तक्रार करून माणसे निर्धास्त झोपतात आणि पाऊस पहाटे तीनला येतो.

आता रेषांकडे वळू. समान वायुदाब असलेली ठिकाणे जोडून काढलेल्या या समदाब रेषा. प्रत्येकीवर हेक्टोपास्कलमधला आकडा असतो: ९९८, १०००, १००२. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला मिलिबार तो हाच. आपल्याकडच्या नकाशात या रेषा साधारणपणे दोन-दोन हेक्टोपास्कलच्या फरकाने काढतात. गडकिल्ले फिरणाऱ्यांनी सर्व्हेच्या नकाशावरच्या समोच्च रेषा पाहिलेल्या असतात. त्या एकमेकींना खेटल्या की चढ अंगावर येतो. समदाब रेषा खेटल्या की वारा अंगावर येतो. विरळ असल्या तर वारा मंद.

वाऱ्याची दिशा ओळखायला बाईस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम आजही पुरतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. जुलैत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ करून पाहा. डावा हात वायव्येला, राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूला जाईल. तिथेच उन्हाळ्यात तापलेल्या वाळवंटावर कमी दाबाचे मोठे क्षेत्र बसलेले असते. भर पावसाळ्यात तिथला दाब ९९६ च्या आसपास उतरतो, तर केरळजवळ तो १००८ ते १०१० असतो. हा बारा-चौदा हेक्टोपास्कलचा उतार हेच आपल्या मोसमी वाऱ्याचे इंजिन. सकाळच्या नकाशात केरळ ते गुजरात या पट्ट्यात किती रेषा किनाऱ्याला छेदून जातात ते मोजावे. पाच-सहा असतील तर समुद्र खवळलेला आहे, दोन-तीन असतील तर मॉन्सून सुस्तावला आहे. तांडेलांनी आणि किनाऱ्यालगतच्या लोकांनी दुसरे काही पाहिले नाही तरी एवढे मोजावे.

‘एल’ म्हणजे कमी दाबाचे केंद्र आणि ‘एच’ म्हणजे जास्त दाबाचे. आपल्या बाजूला ‘एल’भोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत आत येतात, वर चढतात आणि ढग बनवतात. ‘एच’भोवती ते घड्याळाच्या दिशेने बाहेर पडतात आणि आभाळ मोकळे ठेवतात. शाळेत इतके सगळ्यांनी वाचलेले असते. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की महाराष्ट्राचा पाऊस पुष्कळदा या अक्षरांपेक्षा रेषांच्या वाकण्यावर ठरतो.

असे एक वाकणे कोकणाच्या अगदी दारात असते. पावसाळ्यात दाब उत्तरेकडे कमी होत जातो. किनाऱ्यालगत मात्र कधीकधी या रेषा दक्षिणेकडे लोंबतात, जणू कमी दाबाची एक जीभ किनाऱ्याला समांतर खाली आली आहे. वेधशाळेच्या पत्रकात तेव्हा ‘दक्षिण गुजरात ते उत्तर केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा’ असे वाक्य येते. ते वाक्य आणि ते वाकणे एकत्र दिसले की मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि घाटमाथा यांनी सावध व्हावे. हा पट्टा टिकून असला की समुद्रावरचे बाष्प तिथे एकवटते, सह्याद्रीला धडकून वर चढते आणि दिवसेंदिवस पाऊस हटत नाही. घाटाच्या पूर्वेला माण, खटाव, सांगोला भागात त्याच वेळी नुसते वारे वाहतात. नकाशा एकच असतो, पण डोंगर मध्ये उभा असतो. म्हणून पूर्वेकडच्या शेतकऱ्याने किनाऱ्याकडे पाहून आशा धरू नये.

त्याने पाहायची रेषा वेगळी. गंगानगरपासून गंगेच्या खोऱ्यावरून बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पावसाळाभर पसरलेला असतो. याला मॉन्सूनचा आस म्हणतात. नकाशावर तो तुटक किंवा जाड रेषेने दाखवलेला असतो. हा आस आपल्या नेहमीच्या जागी किंवा त्याच्या दक्षिणेला असेल, तर मध्य भारत आणि महाराष्ट्र यांचे भाग्य चांगले. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला, तर पाऊस बिहार, ईशान्य भारत आणि पायथ्याच्या प्रदेशात जातो आणि आपल्याकडे खंड पडतो. पेरणी करून बसलेल्या माणसाला हा खंड दुबार पेरणीपर्यंत नेतो. म्हणून बियाणे मातीत टाकण्याआधी आस कुठे आहे ते पाहावे, हे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या दोन सरींच्या ओलीपेक्षा आस कुठल्या बाजूला सरकतो आहे यात पुढच्या आठवड्याची जास्त खूण असते. पूर्ण खात्री तोही देत नाही, पण घाई टाळायला पुरतो.

बंगालच्या उपसागरात उगवणारे ‘एल’ हे विदर्भ-मराठवाड्याचे पाहुणे. ते ओडिशातून छत्तीसगड, मध्य प्रदेश असे पश्चिम-वायव्येकडे सरकतात. त्यांची चढती भाजणी ओळखायला सोपी आहे. केंद्राभोवती एकच बंद रेषा असेल तर ते कमी दाबाचे क्षेत्र. दोन असतील तर डिप्रेशन, आणि वारे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर. तीन असतील तर डीप डिप्रेशन, वारे ताशी ५० ते ६१. चार किंवा अधिक बंद रेषा आणि ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे वारे झाले की चक्रीवादळ, आणि मग त्याला नाव मिळते. या केंद्राच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पश्चिमेकडे सरकणाऱ्या पावसाळी डिप्रेशनचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्रावर पडत नाही, तर त्याच्या नैर्ऋत्येला पडतो. ‘एल’ छत्तीसगडावर दिसला म्हणजे तो आपल्यापासून दूर आहे, असे गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाने समजू नये. नैर्ऋत्येला तोच बसलेला आहे. शिवाय असे केंद्र ओडिशा-मध्य प्रदेशावर असताना अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि त्याचा पाऊस थेट सह्याद्रीवर कोसळतो. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली जात होती, तेव्हा ओडिशाच्या किनाऱ्यावर डीप डिप्रेशन होते. हजार किलोमीटरवरची खूण कृष्णा-पंचगंगेच्या पुराशी जोडलेली असते, म्हणून नकाशा पाहताना आपल्या जिल्ह्यापुरता मोठा करून पाहू नये. पूर्ण देश आणि दोन्ही समुद्र दिसतील असाच ठेवावा.

पत्रकात ‘समुद्रसपाटीपासून ३.१ ते ५.८ किलोमीटर उंचीपर्यंत चक्राकार वारे’ असे वाचून लोक गोंधळतात. हे आकडे असे विचित्र का, याचे कारण सोपे आहे. वेधशाळा फुगे सोडून ठरावीक दाबाच्या पातळ्यांवर वारा मोजतात. ७०० हेक्टोपास्कलची पातळी साधारण ३.१ किलोमीटरवर येते आणि ५०० ची ५.८ वर. चक्राकार वारे खालपासून वरपर्यंत उंच पसरलेले असतील तर पाऊस भरवशाचा. फक्त दीड किलोमीटरपर्यंत असतील तर सरी येतील आणि जातील.

आता ती वर्तुळे. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक वेधशाळा. वर्तुळ किती भरलेले आहे त्यावरून आभाळ किती झाकले ते कळते. हे आठ भागांत मोजतात: रिकामे म्हणजे निरभ्र, अर्धे म्हणजे चार भाग ढग, पूर्ण काळे म्हणजे आठही भाग. वर्तुळातून निघालेली काडी वाऱ्याची. इथे जवळजवळ प्रत्येक जण आधी चुकतो. काडी ज्या बाजूला गेलेली असते, तिकडून वारा येतो, तिकडे जात नाही. काडीच्या टोकाला पिसांसारखे फाटे असतात. पूर्ण फाटा १० नॉटचा, अर्धा ५ चा आणि भरीव त्रिकोण ५० चा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. समजा, रत्नागिरीच्या वर्तुळाची काडी नैर्ऋत्येला आहे आणि तिला दोन पूर्ण व एक अर्धा फाटा आहे. मग तिथे नैर्ऋत्येकडून २५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरचा वारा आहे.

वर्तुळाच्या डावीकडे वर तापमान आणि खाली दवबिंदू असतो. या दोन आकड्यांमधले अंतर मला इतर कशाहून जास्त कामाचे वाटते. २६ आणि २५ असेल तर हवा बाष्पाने तुडुंब भरली आहे. कपडे वाळणार नाहीत, धान्याला बुरशी धरेल, द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत रोगाला आमंत्रण. ४२ आणि ८ असेल तर हवा कोरडी ठाक. उजवीकडे वर तीन आकडी दाब लिहितात आणि त्यातला पुढचा भाग गाळतात. ०४२ म्हणजे १००४.२ आणि ९८७ म्हणजे ९९८.७. तीन आकड्यांतला पहिला शून्य ते चार असेल तर आधी १० लावायचे, पाच ते नऊ असेल तर ९. डावीकडे मधोमध त्या घटकेचे हवामान: ठिपका म्हणजे पाऊस, स्वल्पविराम म्हणजे रिमझिम, उलटा त्रिकोण म्हणजे सर, तीन आडव्या रेषा म्हणजे धुके, आडवा आठ म्हणजे धुरकट हवा, आणि टोकाला बाण असलेली वाकडी रेघ म्हणजे गडगडाट. ठिपके वाढले की पावसाचा जोर वाढला.

वर्तुळ एका जागेचे असते, हे मात्र विसरू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३. फक्त कुलाब्याचे वर्तुळ पाहणाऱ्याला शहर बुडाल्याचे कळलेही नसते.

एवढे कळल्यावर रंगीत नकाशाकडे यावे. इशाऱ्याच्या नकाशातला हिरवा रंग ‘पाऊस नाही’ असे सांगत नाही. तो ‘इशारा नाही’ एवढेच सांगतो. हवामान विभागाच्या मापात दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. म्हणजे हिरव्या जिल्ह्यात ५० मिलिमीटर पाऊस झाला तरी नकाशा चुकला असे होत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो पाऊस फारसा जाणवणार नाही, पण सोयाबीन कापून शेतात पसरलेले असेल तर वर्ष वाया जाते. काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याने रंगावर विसंबू नये, खालचे वाक्य वाचावे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाच्या केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीनचतुर्थांशाहून जास्त. बहुतांश ठिकाणी मध्यम पाऊस, रंग हिरवा: अशा दिवशी कापणी करू नये.

पिवळा रंग नेहमी पावसाचाच असतो असेही नाही. जिल्ह्यावर विजेचे छोटे चिन्ह असेल तर तो मेघगर्जनेचा आणि विजांचा इशारा आहे. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात मराठवाडा-विदर्भात दुपारनंतर असा पिवळा रंग दिसला की शेतातली माणसे आणि जनावरे झाडाखाली थांबू देऊ नयेत. पिवळा ‘सौम्य’ म्हणून दुर्लक्ष केल्याने जीव जातात. नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे रंग धोक्याची तीव्रता आणि शक्यता दोन्ही तोलून दिलेले असतात, त्यामुळे रेषा वाचता आल्या तरी लाल रंग कधी मोडू नये.

आणखी एक फसवा नकाशा आहे, पावसाच्या सरासरीचा. त्यातही हिरवा, पिवळा, लाल असतात आणि अर्थ निराळे असतात. तिथे हिरवा म्हणजे सरासरीच्या १९ टक्के खाली-वर, म्हणजे सामान्य. निळ्या छटा जास्त पावसाच्या. लाल म्हणजे २० ते ५९ टक्के तूट. आणि पिवळा म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त तूट, म्हणजे लालपेक्षा वाईट. इशाऱ्याच्या नकाशाची सवय झालेला माणूस इथे पिवळा जिल्हा पाहून हायसे वाटून घेतो. नकाशाचे शीर्षक वाचल्याशिवाय रंगाचा अर्थ लावू नये.

चक्रीवादळाचा नकाशा मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाहायचा. दोन वाकड्या शेपट्या असलेले वर्तुळ ही वादळाची खूण. ते पोकळ असेल तर चक्रीवादळ, भरीव असेल तर तीव्र किंवा त्याहून वरचे. त्यापुढे शंकूसारखा रुंदावत जाणारा भाग असतो. वादळाचे केंद्र कुठून कुठे जाऊ शकते त्याची ती मर्यादा असते. वादळाचा घेर तो दाखवत नाही. वारे आणि पाऊस शंकूच्या बाहेरही पोहोचतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, पण सुपारी-नारळाच्या बागा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’चे केंद्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेच नाही. ते समुद्रातूनच गुजरातकडे गेले, तरी कोकणाने आणि मुंबईने त्याचा तडाखा सोसला. शंकूच्या मधली रेघ आपल्या गावावरून जात नाही, याचा दिलासा घेऊ नये. किनाऱ्यावरच्या माणसांकडे याहून जुनी खूणही आहे. बंदरावर दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे चढवून एक ते अकरा क्रमांकांचे बावटे लावतात. तीन नंबरचा बावटा लागला की त्या बंदरावरच वादळी वाऱ्याचा धोका आहे, होडी बाहेर काढायची नाही. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महासंकटाचे. अकरा लागला तर वेधशाळेशी संपर्कच तुटला आहे.

लंडन, टोरंटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या नकाशात याखेरीज निळे त्रिकोण आणि तांबडी अर्धवर्तुळे लावलेल्या रेषा असतात. निळी रेषा म्हणजे थंड हवेची आघाडी, तांबडी म्हणजे उष्ण हवेची, आणि दात ज्या बाजूला तिकडे ती सरकते. निळी रेषा ओलांडून गेली की पाऊस थांबून गारठा वाढतो. पावसाळ्यातल्या महाराष्ट्राच्या नकाशात ही चिन्हे शोधत बसू नये.

सुरुवात करायची तर एक वही घ्यावी आणि अंगणात, झाडा-भिंतीपासून दूर, सरळ कडांचा पर्जन्यमापक ठेवावा. रोज सकाळी साडेआठला तो वाचून मिलिमीटर लिहावेत. बाजूला त्याच वेळेच्या नकाशातून चार गोष्टी उतरवाव्यात: किनाऱ्याला छेदणाऱ्या रेषा किती, किनाऱ्यालगतचा पट्टा आहे की नाही, आस कुठे, आणि उपसागरातला ‘एल’ कालपासून किती सरकला. नकाशा एकेकटा पाहू नये, कालचा शेजारी ठेवूनच पाहावा, कारण जागेपेक्षा सरकण्यात जास्त अर्थ असतो. मग त्याखाली उद्याच्या पावसाचा आपला अंदाज लिहावा आणि त्यानंतरच वेधशाळेचा रंग पाहून शेजारच्या रकान्यात नोंदवावा. दोन्हींत फरक पडला, तर पत्रकातले खालचे वाक्य काढून आपल्या नजरेतून काय सुटले ते शोधावे. घाटाच्या पश्चिमेला राहणाऱ्याने पट्ट्याचा रकाना आधी ठेवावा, पूर्वेला राहणाऱ्याने आसाचा, आणि नागपूरच्या बाजूला राहणाऱ्याने उपसागराचा.